ऊब धरलेली भिंत

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी चप्पल काढतात, मग रामराम घालतात. मी आधी वास घेतो. सगळी नोकरी ह्या नाकावर झाली, त्यामुळं ही खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. थोरल्या लेकीच्या सोयरिकीला गेलो तेव्हा व्याह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी विचारलं, "तुमच्या मागच्या खोलीत पाणी मुरतं का हो?" बायकोनं असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. सोयरीक झाली, पण व्याही अजून मला त्या मागच्या खोलीत जाऊ देत नाहीत.

मी निजामाच्या तामीरातीत मिस्त्री होतो. तामीरात म्हणजे आजचं बांधकाम खातं. नवं बांधायला वरचे लोक असत, त्यांची नावं कोनशिलेवर कोरली जात. बांधून झालेलं गळायला लागलं, भिंतीचे पोपडे सुटले, कपाटातल्या दप्तरांना बुरशी आली, की मला बोलावणं यायचं. असा अख्खा जिल्हा मी ओलीच्या मागं फिरलो. बैलगाडीतून, सायकलवरून, आणि पावसाळ्यात काळी माती चिकटून जड झालेल्या पायांनी.

ओल वरून येते तेव्हा बोभाटा करत येते. ठिबकते, भांड्यात वाजते, खालचा माणूस अंथरूण सरकवतो. जोत्यातून चढते ती गुपचूप, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर खाराची पांढरी रेघ ओढून थांबते. पण सगळ्यात अवघड ती, जी घरातूनच निघते. बंद खोलीतल्या श्वासांची, न वाळलेल्या कपड्यांची, दडवून ठेवलेल्या वस्तूंची. ती शोधायची तर भिंतीच्या आधी माणसांशी बोलावं लागतं, आणि माणसं भिंतीएवढी सरळ नसतात.

येरमाळ्याला एक कापडदुकानदार होता. गादीमागच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटला तेव्हा त्यानं त्यावर कॅलेंडर टांगलं. डाग कॅलेंडरच्या बाहेर आला तेव्हा आरसा लावला. आरशाच्या बाहेर आला तेव्हा देवांची मोठी तसबीर. मला बोलावून म्हणतो कसा, "मिस्त्री, काय करू नका, खिळा तेवढा वर घ्या." मी म्हणालो, शेटजी, आता देवसुद्धा पुरायचे नाहीत. मागं पन्हाळ फुटली होती, तिचं पाणी सरळ भिंतीत जिरत होतं. पन्हाळ बदलली तरी तसबीर काही त्यानं उतरवली नाही. सवय झाली होती म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला ओलीच्या डागांचा लळा होता. ईटच्या शाळेचं छत दुरुस्त करायला त्या गावी गेलो तेव्हा मुक्काम शाळेतच. दुपारी उताणा पडलो की वर एक उंट दिसायचा, त्याच्या मागं नदी, नदीपल्याड कसलंसं शहर. पावसाची सर येऊन गेली की उंटाला आणखी एक पाय फुटायचा. मास्तर कुरकुरायचे, पोरं धड्याकडं बघत नाहीत, छताकडं बघतात. मी काम पुरं करून वर चुना मारला तेव्हा पोरं हिरमुसली. मीही हिरमुसलो. ज्या मुलखात दुपारभर हिंडत होतो तो मीच पुसून टाकला होता.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून बसलो तिच्याकडं येतो.

ते गाव सास्तूरच्या पुढं, कानडी मुलखाच्या कडेला. नाव घालत नाही, कारण पुढं सांगतो त्या ज्वारीच्या प्रकरणात अर्ध्या गावाचे हात होते आणि त्यांची नातवंडं आता चांगल्या चांगल्या नोकऱ्यांत आहेत. स्वातंत्र्य आलं होतं, पण ते हद्दीपलीकडं. आमच्याकडं निजाम होता, रझाकारांची दहशत होती आणि लेव्ही होती. लेव्ही म्हणजे पिकल्या धान्यातला सरकारनं ठरवलेला वाटा सरकारच्या घशात घालायचा. ठरवणारा माणूस खळ्यावर कधी आलेला नसायचा, त्यामुळं कधी कधी पिकापेक्षा वाटाच मोठा निघायचा. म्हणून लोक धान्य दडवत आणि सरकारी माणसं ते हुडकत हिंडत.

भाद्रपद संपत आला होता. पाऊस उघडला होता आणि ऊन असं पडत होतं की घरांच्या सपाट मातीच्या माळवदांवरून वाफा निघताना दिसत. त्या गावच्या चावडीत गिरदावर साहेब मुक्कामाला होते. गिरदावर म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार. लेव्हीची थकबाकी काढायला आले होते. हैदराबादकडचा सडपातळ माणूस, बोलणं मऊ, शेरवानीच्या खिशात अत्तराचा फाया. त्यांनी तालुक्याला निरोप धाडला होता, की चावडीत वास मारतो, झोप लागत नाही, मिस्त्री पाठवा.

मी पोचलो तेव्हा ते फाया नाकाशी धरून ओट्यावर बसले होते.

"किधर से आरी ये बू, मिस्त्री? सर फटरा मेरा."

"देखतूँ, साहब," मी म्हणालो आणि आत गेलो.

आत पाय ठेवला आणि थबकलो. ओलीचे वास मला तोंडपाठ होते. भिजल्या मातीचा थंड, कुजक्या तुळईचा गोडसर, वटवाघळांचा तिखट. हा त्यातला एकही नव्हता. हा आंबूस होता, आणि गरम होता. वास गरम कसा असेल असं कुणी विचारलं तर मला समजावता येणार नाही, पण तो गरम होता. मी भिंतीवरून हात फिरवत निघालो. ओली भिंत हाताला गार लागते. कोपऱ्यात आलो तर एका जागी भिंत कोमट लागली. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

चावडीला ती बाजू स्वतःची नव्हतीच. बांधणाऱ्यानं शेजारच्या घराच्या भिंतीवर तुळया टेकवून काम भागवलं होतं. सरकारी बांधकाम असंही असायचं. तेव्हा वासाचं मूळ पलीकडं होतं. मी वळसा घालून शेजारच्या दारात गेलो.

ते नीलव्वाचं घर. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर पाला आणि पांढऱ्या मातीचं माळवद, आपल्याकडं सगळ्यांची असतात तसं. मधोमध धूर जायला आणि उजेड यायला भोक, त्याला साणं म्हणतात. नीलव्वा पन्नाशीची विधवा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. मराठी बोलायची, पण जवळचं काही बोलायचं झालं की कानडीत शिरायची. तिचा एकुलता एक मुलगा बसू श्रावणात हद्दीपलीकडच्या कँपात गेला होता, निजामाविरुद्ध लढायला. तेव्हापासून त्याची ना चिठ्ठी ना निरोप. कँपावर गोळीबार झाला अशा बातम्या मात्र यायच्या. एका बातमीत मेलेला दुसऱ्या बातमीत जिवंत असायचा.

माजघरात शिरलो तर वास तिथंही होता, पण तिला तो जाणवत नसावा. वासात राहणाऱ्याला तो कळत नाही. माजघर आणि चूल यांच्यामधली भिंत चावडीच्या भिंतीला जाऊन भिडत होती; तिच्यावर छातीएवढ्या उंचीवर विभूतीची बोटं ओढलेली होती. खाली दोन फुलं. भिंतीला टेकून एक घोंगडं अंथरलेलं.

"ह्ये काय, नीलव्वा?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मी सरकारचा माणूस, मला सांगावं की नाही याचा विचार चालला असेल. मग म्हणाली, "हात लावून बगा."

मी लावला. इथं कोमट नव्हती. चांगली उबदार होती.

"बेच्चग अद," ती हळूच म्हणाली. ऊब आहे. "म्हैना झाला. आदी मला वाटलं, उनाची आसंल. पर हितं ऊन कुठलं? बसू ल्हान हुता तवा माज्या पाठीला चिकटून निजायचा. हितं पाठ टेकली की तसंच वाटतं. म्या म्हनलं, ऊब हाय तवर माजं लेकरू हाय."

"गावात कुणाला सांगितलं?"

"बाया येत्यात. हात लावून जात्यात. तुमी बी टेका की जरा. लांबून आलासा."

मी टेकलो. का टेकलो, आजही सांगता येत नाही. दिवसभर सायकल मारून अंग आंबलं होतं. पाठीमागून ती ऊब सावकाश अंगात उतरली आणि माझे डोळे मिटले. साण्यातून उजेडाचा खांब खाली आला होता, त्यात धूळ तरंगत होती. मला आमचं घर दिसलं, आई दिसली, जी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती काहीतरी निवडत बसली होती आणि सूप वाजत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. जागा झालो तो सुपाच्या आवाजानंच. नीलव्वा चुलीपाशी कण्या पाखडत होती. सबंध ज्वारी घरात नव्हती म्हणून बाई मूठभर कण्या अंबाड्याच्या पाल्यात शिजवून दिवस ढकलत होती.

आणि तेव्हा मला कळलं. हे आधीच कळायला हवं होतं, पण ऊब मोठी गुंगवणारी असते.

ती भिंत म्हणजे बळद होतं. आपल्याकडं जुन्या घरांत दोन भिंतींच्या मधे पोकळी ठेवतात आणि तिच्यात वर्षाची ज्वारी भरतात, तेच बळद. वरून माळवदाजवळच्या तोंडातून भरायचं, खालच्या तोंडातून लागेल तसं काढायचं. धान्याला श्वास घ्यायला वर एक बारीक वाट ठेवायची. भरताना ज्वारी खणखणीत वाळलेली हवी आणि भिंतही कोरडी ठणठणीत हवी. दाण्याला ओल लागली की तो आधी बुरशी धरतो, मग आंबतो आणि मग तापतो. जमिनीतल्या पेवातली तापलेली ज्वारी मी पाहिली होती. तिच्यात हात घालवत नाही.

"बळदात काय हाय, नीलव्वा?"

"काय न्हाय. रिकामं हाय. बसू जाताना म्हनला, ज्वारी समदी इकली. बळदात उंदरं हुत्यात म्हनून तोंडं बुजवून, सारवून गेला."

म्हणजे पोरानं आईला खोटं सांगितलं होतं. कुणी दरडावून विचारलं तर तिच्या तोंडून काही निघू नये म्हणून. बळदात ज्वारी भरली, दोन्ही तोंडं लिंपली, जुन्या लिंपणाशी रंग जुळावा म्हणून सबंध भिंतीला ओल्या मातीशेणाचा थर दिला, आणि तोही ऐन श्रावणात. वरची श्वासाची वाटसुद्धा बुजवली. लपवायचं काम त्यानं इतकं मनापासून केलं होतं की हवेलाही सापडू नये. लढाईला निघालेल्या पोराला भिंत वाळायची वाट बघायला सवड कुठली? ती सगळी ओल आत शिरली होती आणि वर्षाची भाकर आईच्या पाठीमागं शिजत होती.

मला भीती वाटली, हे लिहायला लाज कसली? मला वास शोधायलाच पाठवलं होतं. चावडीत जाऊन खरं सांगितलं तर ज्वारी जप्त, नीलव्वाची चौकशी, आणि बसू कुठं गेला हाही प्रश्न निघणार. न सांगावं तर वास वाढणार, आज ना उद्या दुसरं कुणी नाक घेऊन येणार, आणि तोवर ज्वारीचं खत होणार. वर नोकरी माझी. घरी बायको, दोन लेकी.

मी तिच्यापुढं बसलो आणि सांगितलं. ऊब कशाची आहे ते, बसूनं काय केलं ते, आणि आता भिंत उघडली नाही तर काय होईल ते. ती ऐकत राहिली. सूप मांडीवर तसंच.

मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हंजी त्यानंच ठिवलीय न्हवं?"

"त्यानंच."

"मग म्या काय येगळं म्हनत हुते?"

 मग तिनंच विचारलं, "काडली तर गार पडंल?"

"पडंल."

"मग नगं. ऱ्हाऊ द्या. म्या कण्या खाईन."

मी पुष्कळ समजावलं. पेरणी तोंडावर आली, बियाणं तरी वाचेल म्हणालो. बसू आला तर त्याला काय वाढाल म्हणालो. ह्या शेवटच्या प्रश्नाला तिची मान जरा हलली. मग मी, कसं सुचलं देव जाणे, म्हणालो, "भिंत म्या पुन्हा ऊब धरायला लावतो. सबूद देतो."

"कशी?"

"ती माजी कारागिरी. तुमी हो म्हना."

तिनं भिंतीवरची विभूती पदरानं पुसली. ते तिचं हो होतं.

गिरदावर साहेबांना मी जे सांगितलं त्यात खोटा शब्द नव्हता. भिंतीत पाणी मुरलंय, बुरशी धरलीय, उघडून वाळवावी लागेल, आणि उघडल्यावर वास आणखी उठेल. आणखी उठेल म्हटल्यावर ते लगेच उभे राहिले. पुढच्या गावी थकबाकी होतीच. घोडी मागवली आणि गेले.

आता ज्वारी काढायची होती, आणि ती वाळवायची होती, तीही उघड्या उन्हात. दडवलेली ज्वारी वाळवायला घालणं म्हणजे दवंडी पिटणंच. नीलव्वाच्या शेजारी धनगराच्या घरातली गजराबाई राहायची. बळदाची गोष्ट तिला सांगावीच लागली, कारण एकटीनं ते काम उरकणारं नव्हतं. मी अडचण मांडली तर ती हसायला लागली.

"मिस्त्री, दसरा काढायचं दिवस हायती. इसरलासा व्हय?"

मी विसरलोच होतो. घटस्थापनेच्या आधी घरोघर दसरा काढतात. घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं, वाकळा, घोंगडी ओढ्यावर धुऊन आणतात आणि माळवदांवर वाळत घालतात. त्या दिवसांत कुणाच्या माळवदावर काय पसरलंय याकडं कुणी बघत नाही, कारण सगळ्यांच्याच माळवदांवर सगळं पसरलेलं असतं.

मी आधी वरचं तोंड फोडलं. कोंडलेल्या धान्याची हवा माणसाला धरते, जीवही घेते, म्हणून कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सबंध दिवस उघडं ठेवलं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडला. पहिल्यांदा विझला. पुन्हा थांबलो. दिवा तग धरून राहिला तेव्हाच खालचं तोंड काढलं.

कडेची ज्वारी ढेपा होऊन बाहेर आली, हिरवी, काळी, काही ठिकाणी चक्क गुलाबी. त्या वासानं मीसुद्धा दोनदा बाहेर जाऊन आलो. नाकाला फडकं बांधून सगळं उकिरड्यावर नेऊन पुरलं. नीलव्वाचं तोंड उतरलं होतं. पण ढेपांच्या आत, जिथं ओल पोचली नव्हती, तिथं ज्वारी खळकन निसटली. कोमट, पिवळसर, शाबूत. तिनं ओंजळ भरून कपाळाला लावली. बळदात कडेचं धान्य स्वतः बिघडतं आणि मधलं राखतं, हे मी पुढं अनेकांना सांगितलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग बाया आल्या. बोलावणं कुणी धाडलं मला ठाऊक नाही. ह्याच बाया हात लावायला यायच्या. आता ओल्या वाकळांच्या घड्यांत ज्वारीच्या पाट्या दडवून त्या शिड्या चढू लागल्या. त्या आळीत माळवदाला माळवद चिकटलेलं, एका टोकानं चढलं की दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येतं. ह्या घरावर थोडी, त्या घरावर थोडी, असं करत सगळी ज्वारी पसरली गेली. वर रंगीबेरंगी वाकळा, कडेनं ज्वारीचे पिवळे पट्टे, मधून साण्यांतला धूर, आणि त्या धुरातून पदर खोचून चालणाऱ्या बाया. खालून गाव गाढ झोपेत असल्यासारखं वाटायचं. मी वर बसून पाखरं हाकली. सरकारी पगारावर तेवढी सुखाची नोकरी मी पुन्हा केली नाही.

ज्वारी अजून वरच होती आणि गिरदावर साहेब परत आले. ते आणखी उशिरा येतील असं आम्ही धरलं होतं. मी शिडीवरून उतरत होतो, तिथंच गाठ पडली.

"बू गई क्या, मिस्त्री?"

"गई, साहब."

"काय की थी?"

"दीवार में नमी घुसी थी."

त्यांनी चावडीत जाऊन वास घेतला, बाहेर आले, आणि उन्हाला हाताचा आडोसा धरून माळवदांकडं बघत उभे राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.  गजराबाई वर वाकळ उलटत होती, तिचा हात तसाच राहिला.

"धूप अच्छी पडी इस साल," ते म्हणाले. मग, "हमारी अम्मा भी डालती थीं छत पे. चिड्याँ उडाने कू हमकू बिठाते थे."

आणि आत जाऊन त्यांनी आडवं होऊन डोळे मिटले. त्यांनी काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. माझ्या मनात त्या माणसाबद्दल अजून माया आहे.

ज्वारी पाट्यापाट्यांनी आळीतल्या कणग्यांत वाटून ठेवली. मूठभर दाणे नीलव्वानं ओल्या फडक्यात बांधून पाहिले, बऱ्याचशांना मोड आले. बियाण्यापुरतं निघालं. तिनं त्या ज्वारीची भाकर करून मला वाढली. भाकरीला बळदाचा वास होता, तो मीठ लावूनही जात नव्हता. मी दोन खाल्ल्या.

पण भिंत गार पडली होती. येता-जाता ती हात लावायची आणि कामाला लागायची. मी सबूद दिला होता.

मी तिची चूल हलवली. पलीकडच्या कोपऱ्यातली चूल बळदाच्या भिंतीला पाठ लावून घातली, बळदाचं खालचं तोंड चुलीच्या मागं घेतलं आणि वरची श्वासाची वाट मोठी करून माळवदावर काढली. आता चुलीची धग आणि धूर सरळ वर न जाता बळदात शिरायचा, तिथं रेंगाळायचा आणि वरून निघून जायचा. कारागीर म्हणूनही ते बरोबर होतं. पोकळी वाळली, उरलीसुरली बुरशी धुरानं मेली, चावडीचा वास कायमचा गेला. संध्याकाळी स्वयंपाक झाला आणि मी तिला माजघरात बोलावलं. तिनं पाठ टेकली.

"बेच्चग अद?" मी विचारलं.

"अद," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर ही चुलीची हाय. ती येगळी हुती."

मला ते ठाऊक होतं. मी तिची ज्वारी वाचवली आणि तिच्या पाठीमागून पोराला काढून नेलं. वाईट वाटलं, आजही वाटतं. तरी निघताना पाहिलं तर तिनं घोंगडं पुन्हा त्या भिंतीशी अंथरलं होतं.

वर्ष गेलं. ते कसं गेलं हे त्या पिढीला सांगायला नको. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आमच्या खात्यावरची पाटी बदलली. त्याच सुमाराला निरोप आला, नीलव्वाची भिंत फुटलीय, मिस्त्रीला पाठवा.  भिंत कुणी फोडली, का फोडली, निरोप्याला काही सांगता येईना.

दारात पोचलो तर ओट्यावर एक काळाकुट्ट तरुण बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तेवढे पांढरे. मला बघून ओशाळला. नीलव्वा आतून आली ती हसतच. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पदर तोंडाशी धरून तिनं सगळं सांगितलं.

बसू आदल्या दिवशी चालत आला होता. आई चुलीपाशी, त्याच्यासाठी भाकरी थापतेय. हा माजघरात येऊन दमून भिंतीला टेकला, तशी पाठीला ऊब लागली. वर्षभर कँपात त्याला एकच घोर होता, की आपण ओल्या भिंतीत ज्वारी कोंडून आलो. घाईघाईत आपण काय करून बसलो, हे नंतर शुद्धीवर आल्यासारखं त्याला कळलं होतं. तो ताडकन उठला, "अव्वा, ज्वारी तापली!" म्हणून ओरडला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि आईचं ऐकून न घेता भिंतीत घातली. भिंतीतून ज्वारीच्या जागी वर्षभराची काजळी आणि चुलीचा सगळा धूर त्याच्या तोंडावर आला.

"दोनदा धुतलं, तरी निघंना," नीलव्वा म्हणाली. "म्हनलं, बस हितं, मिस्त्रीला दावायचंय."

बसूनं मान खाली घातली. मीही हसलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. धुराचं म्हणून पुसलं.

मी भोक पाहिलं. पहार नेमकी तिथं लागली होती जिथं पूर्वी विभूतीची बोटं होती. कडा नीट करून घेतल्या, माती कालवली, दगड बसवायला घेतला. मग हात थांबला. म्हटलं, नीलव्वा, एकदम बुजवलं तर ओल्या मातीनं काही दिवस भिंत गार लागेल. थोडं थोडं भरू का, चुलीची धग चालू ठेवून?

ती ओट्याकडं बघत होती. तिथं तिचा लेक राखेनं तोंड घासत बसला होता.

"भरा एकदम," ती म्हणाली. "आता गार पडली तरी चालंल."